विहीणबाईंचं सूपचं भांडं

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशीसुद्धा मी मिसेस व्हिटकोम यांच्याशी एक अक्षर खोटं बोललो नाही. फक्त अर्धं बोललो. उरलेलं अर्धं सवडीने बोलू, असं मी मनाशी ठरवलं आणि तिथेच सगळं फसलं. त्या अर्ध्या बोलण्याची शिक्षा मी अजून दर रविवारी भोगतो आहे. ती कोणती, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचायचं सोडून हसत बसाल.

झालं असं की आमच्या लीनाने लग्न ठरवलं. तिनेच ठरवलं, आम्हाला नुसतं कळवलं. मुलाचं नाव टॉम व्हिटकोम. समुद्रातून येणाऱ्या जहाजांना खाडीतली वाट दाखवत बाल्टिमोरच्या बंदरात आणून लावायचं, हे त्याचं काम. अमेरिकन असला तरी मुलगा गुणाचा. ओटिलीने केलेली आंबवलेली कोबी तो मागून मागून खातो. जावयाकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही. (ओटिली म्हणजे माझी बायको. ती ठेवते.)

अडचण होती ती त्याच्या आईची. मिसेस व्हिटकोम विधवा, देवभोळ्या आणि दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. आम्ही जर्मन मंडळी रविवारी चर्चमधून निघून सरळ बागेत जातो, बिअर पितो आणि वर गाणी म्हणतो, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "पिण्याबद्दल देव एखादवेळ क्षमा करेल, पण त्या गाण्याबद्दल करेल असं वाटत नाही," असं त्या म्हणाल्याचं टॉमने मला सांगितलं. सांगताना तो हसला नाही, कारण त्याने माझं गाणं ऐकलेलं होतं. आता आमच्या गायन मंडळात माझा आवाज कुणी वाखाणत नसलं तरी हजेरी वाखाणतात. त्या हजेरीबद्दल मंडळाने मला बिअरचा एक मोठा मग भेट दिला होता. चिनी मातीचा, बाहेरून द्राक्षाचे वेल काढलेले, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत 'कोनराड डेटमर'. तो मग मी कुणाला धुवायलाही देत नसे.

वर्षभर मिसेस व्हिटकोमनी होकार दिला नाही. मग एका सकाळी त्या न कळवता आमच्या दारात उभ्या राहिल्या. ओटिली तेव्हा गुडघे टेकून दारापुढच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या घासत होती. ती त्या रोजच घासते. मिसेस व्हिटकोमनी हातमोजा काढला, पायरीवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "या घरची मुलगी मला चालेल." इतकी वर्षं मी तंबाखूच्या वखारीत इमानाने कारकुनी केली, त्याचा या बोलण्यात कुठे उल्लेखही आला नाही.

लग्नाचा दिवस ठरला आणि लीना माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, भांडीफोडीचं त्यांना सांगायला हवं."

आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी भांडीफोड असते. शेजारीपाजारी, मित्र, नातेवाईक घरातली चिनी मातीची जुनी भांडी घेऊन नवरीच्या दारात येतात आणि दणादण फोडतात. तुकडे जितके जास्त तितका संसार सुखाचा. काच मात्र फोडायची नाही, ते अशुभ. शेवटी नवरा-नवरीने मिळून सगळा केर झाडायचा. यात विचित्र काय आहे, हे मला अजूनही समजलेलं नाही. पण दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षांना ते कसं दिसेल, याचा अंदाज मला होता.

"टॉमला सांग ना," मी म्हणालो.

"टॉमला सांगितलंय. तो म्हणतो, आईला कुणा वडीलधाऱ्यानेच सांगितलेलं बरं. आणि तो आता जहाजं आणायला खाडीच्या तोंडाशी चाललाय, येईल तो थेट आदल्या संध्याकाळी. तुम्हीच जा बाबा. आणि नीट सांगा. त्यांनी होकार परत घेतला तर मी काय करू?"

हे शेवटचं वाक्य म्हणताना ती हसली नव्हती. मी लगेच कोट घातला.

मिसेस व्हिटकोमच्या दिवाणखान्यात घड्याळाशिवाय कुणी आवाज करत नाही. त्या काळ्या रेशमी झग्यात ताठ बसल्या होत्या आणि मी खुर्चीच्या कडेवर. माझं इंग्रजी वखारीतलं. 'माल दमट आहे', 'पेटी खालून फुटली आहे', 'हा नग परत पाठवा' ही वाक्यं मी झोपेतही म्हणू शकतो, पण बाईमाणसाशी चहा पिताना त्यातलं एकही उपयोगी पडत नाही.

मी तोंड उघडणार, इतक्यात त्या उठल्या आणि त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत एक सूपचं भांडं होतं. मोठं, पांढरंशुभ्र, निळ्या फुलांचं, झाकणावर नाजूक कळीची मूठ.

"माझ्या आजीचं," त्या म्हणाल्या. "इंग्रजांच्या आरमाराने या बंदरावर तोफा डागल्या ना, तेव्हा आजीच्या घराच्या सगळ्या खिडक्या फुटल्या. याला टवका गेला नाही."

"येस मॅडम," मी म्हणालो.

ज्या घरात एका भांड्याला एवढा इतिहास आहे, तिथे 'फोडतात' हा शब्द तोंडातून काढायचा कसा? मी दुरून सुरुवात केली.

"मॅडम, आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एक रीत असते. सगळी माणसं नवरीच्या दारात चिनी मातीची भांडी घेऊन येतात."

"सगळी?"

"सगळी. गरीबसुद्धा."

"मुलीच्या संसारासाठी?"

"संसाराच्या सुखासाठी," मी म्हणालो. (बघा, यात खोटं काय आहे?)

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "किती सुंदर रीत आहे, मिस्टर डेटमर! आणि मला वाटायचं, तुम्ही लोक नुसतं..." त्यांनीही वाक्य अर्धंच सोडलं. मग म्हणाल्या, "मीही येईन त्या संध्याकाळी. रिकाम्या हाताने नाही येणार."

आता बोल कोनराड, मी स्वतःला म्हणालो. तोंड उघडलं. त्यांनी माझ्या बशीत केकचा मोठा तुकडा वाढला. मी तोंड मिटलं, ते केक खाण्यापुरतं पुन्हा उघडलं आणि घरी आलो.

"सांगितलंत?" ओटिलीने दारातच विचारलं.

"सांगितलं."

"मग? रागावल्या?"

"छे! सुंदर रीत आहे म्हणाल्या. स्वतः भांडं घेऊन येणार आहेत."

ओटिली मटकन खुर्चीत बसली. "फोडायला?"

नेमका त्याच वेळी माझा पाइप विझला आणि मला तो पेटवावा लागला. तेवढ्यात लीनाने मागून येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. "बाबा, खरं सांगू? तुम्हाला जमेल असं मला वाटलं नव्हतं." आता मला सांगा, लेकीने असे गळ्यात हात टाकल्यावर कोणता बाप म्हणेल की नाही गं, जमलेलं नाही?

उरलेलं अर्धं सांगायला मी रोज निघत होतो. एक दिवस वखारीत माल आला, एक दिवस माझं डोकं दुखलं, एक दिवस मी चक्क त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि त्या घरी असल्याचं पाहून परत फिरलो. मग मी विचार केला, ती बाई फार तर एखादी बशी आणेल. बशी फुटली तर काय मोठंसं! या विचाराने मला शांत झोप लागायला लागली.

इकडे बातमी आख्ख्या आळीत पसरली. तिला कारण माझा मेहुणा एवाल्ड. तो सॉसेज करतो आणि प्रत्येक सॉसेजबरोबर एक बातमी फुकट देतो. "अमेरिकन विहीणबाई स्वतः भांडं फोडणार!" ज्यांना आम्ही बोलावलंही नव्हतं, ते लोकही येतो म्हणाले. गायन मंडळाने विहीणबाईंच्या स्वागताचं गाणं बसवलं. मला मागच्या रांगेत उभं केलं होतं, ते सोडा.

ती संध्याकाळ आली. ऊन अजून छपरांवर होतं तेव्हाच आळी भरून गेली. ओटिलीने तिच्या लाडक्या पायऱ्यांवर पोती पसरली होती आणि त्यांवर कप, बश्या, किटल्या, दांडा गेलेले जग, जे हाताला लागेल ते येऊन आदळत होतं. एवाल्डने लोणच्याची बरणी आणली होती. ती फुटली तेव्हा समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं, ते दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. मी गर्दीत हिंडून सगळ्यांना बिअर देत होतो आणि प्रत्येकाबरोबर थोडी घेत होतो.

इतक्यात घोडागाडी थांबली आणि मिसेस व्हिटकोम उतरल्या. हातात पांढऱ्या रुमालाने झाकलेलं काहीतरी होतं. वाऱ्याने रुमालाचं टोक उडालं आणि मला निळी फुलं दिसली.

माझी बिअर जागच्या जागी उतरली.

त्यांनी समोर पाहिलं. शंभरएक दांडगे पुरुष त्यांच्या होणाऱ्या सुनेच्या दारावर भांडी फेकत होते. कुणीही जे समजलं असतं तेच त्या समजल्या. पण कुणीही पळून गेलं असतं, त्या पळाल्या नाहीत. एका हाताने भांडं छातीशी धरून आणि दुसऱ्या हातातली छत्री पुढे करून त्या सरळ गर्दीत घुसल्या.

"लाज नाही वाटत? चांगल्या माणसांच्या घरावर हल्ला करता? मागे व्हा! लीना, घाबरू नकोस, मी आले आहे!"

गर्दीतल्या बहुतेकांना इंग्रजी बेताचंच. त्यांना एवढंच दिसलं की विहीणबाई भलत्याच उत्साहात आहेत. लोकांनी टोप्या उडवल्या. गायन मंडळाने गाणं सुरू केलं. मला खरंच शरमल्यासारखं झालं. ज्या बाईला मी इतके दिवस घाबरत होतो, ती माझ्या घराच्या रक्षणासाठी छत्री घेऊन लढत होती.

एवाल्ड कमरेत वाकला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "विहीणबाई, तुमचं भांडं मी घेतो. हा नवरीच्या मामाचा मान!"

हा बिचारा भांडं वाचवायला आला आहे, असं त्यांना वाटलं. "सांभाळून आत न्या," म्हणत त्यांनी ते त्याच्या हातात दिलं. एवाल्डने ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

"एवाल्ड, थांब!" मी ओरडलो आणि त्याच्या अंगावर झेपावलो.

"दाजी, तुम्हाला फोडायचंय? रांगेत या ना!"

"अरे सोड! सोड म्हणतो ना!"

"मामाचा मान आहे दाजी! काय हे, स्वतःच्या घरच्या लग्नात!"

एवाल्ड रोज आख्खी डुकरं उचलतो आणि मी लेखणी. पण त्या क्षणी माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे, मी ते भांडं त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. झाकणासकट! एक टवकासुद्धा नाही! इंग्रजांच्या तोफांतून ते एकदा वाचलं होतं, आज माझ्या हातून वाचलं. मी ते पोटाशी धरलं, मिसेस व्हिटकोमकडे वळलो आणि विजयाने त्यांना अदबीने लवून नमस्कार करायला गेलो.

लवताना माझी टाच एका कपाच्या कानावर पडली.

पुढचं मला नीट आठवत नाही. आकाश दिसलं, मग ओटिलीच्या पायऱ्या दिसल्या, मग त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा आवाज झाला. आणि त्याहून मोठा लोकांचा जयघोष. "नवरीच्या बापाने फोडलं! शाब्बास डेटमर!" त्यांनी मला खांद्यावर घेतलं. मी खाली उतरवा म्हणून हातपाय झाडत होतो, त्यांना वाटलं मी नाचतो आहे.

वरून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. झाकण तेवढं गडगडत जाऊन मिसेस व्हिटकोमच्या पायाशी थांबलं होतं, धडधाकट. त्यांनी ते उचललं. एवाल्डने त्यांना हाताने मोठ्या आदराने खूण केली, की फेका, फेका, संकोच करू नका. नेमका तेव्हाच टॉम बंदरावरून धावत आला आणि आईला तशी उभी पाहून त्याला भरून आलं.

"आई! तूसुद्धा? आणि तुझ्या आजीचं भांडं फोडलंस? आमच्यासाठी?"

लीना दारातून बाहेर आली. तिने तुकडे पाहिले, निळी फुलं पाहिली, मग वर माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही यांना नक्की काय सांगितलं होतं?"

"अर्धं," मी खांद्यावरूनच म्हणालो.

लोकांनी मला खाली उतरवलं. लीना रडली नाही, पण तिची हनुवटी थरथरायला लागली. तिची हनुवटी पाळण्यात असल्यापासून मला ठाऊक आहे. पोरीचं लग्न मोडत होतं आणि ते माझ्या भित्रेपणामुळे. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. लीनाने मिसेस व्हिटकोमसमोर उभं राहून, त्यांच्या नजरेला नजर देऊन, तिच्या स्वच्छ इंग्रजीत सगळं सांगितलं. मी न सांगितलेलं अर्धं तिने सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता तुम्ही म्हणाल तसं."

मिसेस व्हिटकोमनी झाकण उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे ही माणसं तुमच्या वाईटावर नाहीत?"

"नाहीत."

"भांडं फुटलं की सुख वाढतं?"

"असं आम्ही मानतो."

त्या माझ्याकडे वळल्या. "आणि वस्तू जितकी लाडकी, तितकं सुख जास्त. असंच ना, मिस्टर डेटमर?"

असं कुठे काही ठरलेलं नाही. पण बुडत्या माणसाला कुणीतरी दोर टाकावा तसं मला झालं. "अगदी बरोबर मॅडम!" मी म्हणालो. "लाडकी वस्तू असेल तर विचारायलाच नको! लाडक्या वस्तूसारखं दुसरं नाही!"

"छान," त्या म्हणाल्या आणि ओटिलीकडे वळल्या. "मिसेस डेटमर, तुमच्या यजमानांची सर्वांत लाडकी चिनी मातीची वस्तू कोणती?"

माझा चष्मा शोधून द्यायला जिला अर्धा दिवस लागतो, ती माझी बायको आत गेली आणि माझा श्वास घेऊन व्हायच्या आत बाहेर आली. तिच्या हातात द्राक्षाचे वेल होते आणि मधोमध सोनेरी अक्षरांत माझं नाव होतं.

"अगं ओटिली!" मी म्हणालो.

"पोरीच्या सुखासाठी हो," ओटिली म्हणाली. तिच्या आवाजात दुःखाचा मागमूस नव्हता.

मिसेस व्हिटकोमनी तो मग फेकला. तो पायरीवर आपटला, उडाला आणि गडगडत खाली आला. फुटला नाही. मी मनातल्या मनात त्याच्या कुंभाराला आशीर्वाद दिला. तोच एवाल्डने (आमचाच माणूस, आमच्याच घरचं मीठ खाल्लेला) तो मग उचलला, पुसला आणि अदबीने त्यांच्या हातात परत दिला. "असं नाही विहीणबाई. जरा मनगटातून."

शब्द नाहीत तरी हाताची खूण त्यांना समजली. दुसऱ्या खेपेला कोनराड एका पायरीवर पडला आणि डेटमर दुसऱ्या.

आळीने असा जयघोष केला की बंदरातल्या जहाजाने उत्तरादाखल भोंगा वाजवला, असं एवाल्ड अजून सांगतो. मिसेस व्हिटकोम आपल्या हाताकडे जरा आश्चर्याने पाहत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "अजून आहे का काही?"

ओटिलीने त्यांना माझ्या आईच्या जुन्या बश्यांची चळतच आणून दिली. ती संपेपर्यंत त्यांनी रेशमी बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. अंधार पडायच्या आत लीना आणि टॉमने झाडू हातात घेतले, आणि लीना हसत होती. सूनबाईच्या गालाचा मुका घेऊन मिसेस व्हिटकोम निघाल्या. जाताना त्यांनी एकच अट घातली, की उद्या लग्नात गायन मंडळ गाणार नाही. एवढ्यावर सुटलो म्हणून मी देवाचे आभार मानले.

पण सुटलो नव्हतो. ते झाकण आता लीनाच्या घरी काचेच्या कपाटात एकटंच ठेवलेलं आहे. पाहुणे आले की विहीणबाई ते दाखवतात आणि म्हणतात, "इंग्रजांच्या तोफांना याचं भांडं फुटलं नाही. मग मिस्टर डेटमर आले."

आणि दर रविवारी आम्ही सगळे लीनाकडे जेवायला जमतो तेव्हा टेबलावर विहीणबाईंच्या उरलेल्या निळ्या फुलांच्या बश्या मांडतात. सगळ्यांसमोर. माझ्यासमोर मात्र पत्र्याची थाळी आणि पत्र्याचा पेला असतो. पहिल्यांदा मला ती थट्टा वाटली. आता लीनाचा मुलगा खुर्चीत बसायला लागला आहे. त्यालाही तशीच पत्र्याची थाळी आणि तसाच पेला आहे. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो.

गेल्या रविवारी त्याने पेला दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता दूध संपवलं. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "याला आता चिनी मातीची बशी द्यायला हरकत नाही."

"आणि मला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नातवाकडे पाहिलं. "तो शिकवेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

यावर मी काहीतरी बाणेदार उत्तर देणार होतो. तेवढ्यात माझ्या कोपराचा धक्का लागून थाळी, पेला, चमचा सगळंच खाली गेलं आणि नातवाने खूश होऊन टाळ्या वाजवल्या.